दुधाची परीक्षा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. म्हणून माझा पहिला मुलगा संग्रामपूरच्या बाजूला, माझ्या वडिलांच्या घरी जन्मला. वडील शाळामास्तर होते. मागच्या अंगणातून सातपुडा दिसायचा, आणि पौषातल्या थंडीत तिकडून असा वारा यायचा की बाजेखालची शेगडी विझली तर माझे दात वाजायचे. मुलगा मात्र मजेत होता. अंगाने भरलेला, रडायला आळशी, प्यायला हुशार. छातीशी घेतला की दोन्ही मुठी आवळून असा ओढायचा की माय म्हणायची, "हळू पे रे बापा, कोनी हिसकून घेऊन नाही राह्यलं तुयं."

मी तेव्हा व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली होते आणि आपल्याला जगातलं बरंच कळतं अशी माझी समजूत होती. हे मूल मी जन्माला घातलं आणि ते माझ्या दुधावर वाढतं आहे, याचा मला भलता गर्व झाला होता. शेजारणी बघायला आल्या की मी मुद्दाम त्याच्या वळ्या पडलेल्या मांड्या उघड्या ठेवायचे. दृष्ट लागेल म्हणून माय त्या झाकायची, आणि ती वळली की मी पुन्हा दुपटं सारायचे. तो सगळा महिना मी हसण्यात घालवला असं आता वाटतं.

सव्वा महिना झाल्यावर सासरहून गाडी आली. सासर पिंपळगाव राजाचं. वाटेत एक मुक्काम करून आम्ही पोचलो. आमचे हे खामगावला कापसाच्या एका जिनात कारकून होते आणि आठवड्याला एकदा घरी यायचे. ते मुळातच कमी बोलणारे. त्यातून त्या काळी आईसमोर बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणाच, त्यामुळे ते आले काय आणि गेले काय, मला त्यांच्या चपलांवरूनच कळायचं.

घर चालायचं ते सासूबाईंच्या शब्दावर. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. नवरा गेल्यावर त्यांनी मळा एकटीने सांभाळला होता. मोटेवरचा गडी आला नाही तर स्वतः बैल हाकायच्या. आवाज असा की विहिरीवरून मारलेली हाक घरात ऐकू यायची. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात लावला नाही, माझ्या पुस्तकं वाचण्याला नावं ठेवली पण पुस्तकं जाळली नाहीत. हे सगळं मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना दुष्ट ठरवेल, आणि त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर मला किती सोपं गेलं असतं.

फाल्गुनात मुलाचं पिणं बिघडलं. आधी मला वाटलं, त्याला झोप येते आहे. प्यायला लागायचा, थोडं प्यायचा, आणि एकदम तोंड सोडून द्यायचा. गुडघे पोटाशी घ्यायचा. रडणं असं नव्हे, कण्हणं म्हणावं असा एक आवाज काढायचा. चेहरा पांढराफटक पडायचा आणि वरच्या ओठावर, कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे. सकाळच्या गारव्यात आम्ही अंगावर पांघरूण घेऊन बसलेलो, आणि त्या एवढ्याशा जिवाला घाम. थोड्या वेळाने ते ओसरायचं, आणि तो पुन्हा तोंड फिरवून मला शोधायचा. मी द्यायचे. पुन्हा तेच.

पोट दुखतं म्हणून बेंबीला हिंग लावून झाला. ओव्याचा शेक झाला, गुटी झाली, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकून झाल्या. मी आपली त्याच्या रंगाकडे बघत राहायचे. पोट दुखणारं मूल रडून लाल होतं, मी माहेरी भावंडं सांभाळलेली होती, मला माहीत होतं. हा लाल होत नव्हता. पण हे मी कोणाला सांगणार, आणि सांगून पुढे काय म्हणणार? माझ्याजवळ नुसती शंका होती आणि घरात सगळ्यांजवळ उपाय होते.

आत्याबाई जवळ बसून बघायच्या. एके दिवशी त्यांनी त्याच्या ओठावरचा घाम बोटाने टिपला आणि म्हणाल्या, "पेते न कन्हते, पेते न कन्हते. नाही पाजलं तं गुमान राह्यते. दुधात काई हाय, बाई. लेकरू खोटं नाही बोलत."

मला ते इतकं लागलं की मी मुलाला घेऊन आत गेले. त्या माझ्या मागे आल्या. हातात काशाची वाटी होती.

आमच्याकडे आईच्या दुधाची परीक्षा करायची एक रीत होती. वाटीत थोडं दूध काढायचं आणि त्यात काळी मुंगी सोडायची. मुंगी चालून बाहेर आली तर दूध निर्मळ. मेली तर दुधात दोष. मी पदराआड तोंड वळवून दूध काढून दिलं. आत्याबाईंनी उंबऱ्याजवळची एक मुंगी चिमटीत धरली, अगदी जपून, तिला इजा होऊ नये अशी, आणि वाटीत सोडली. ती गोल गोल फिरली, पाय झाडले आणि थांबली.

"पाह्य," त्या म्हणाल्या.

मी व्हर्नाक्युलर पास बाई. मी म्हटलं, "आत्याबाई, मुंगीले पोहता येत नाही. तुमच्या म्हशीच्या दुधात टाका, थेई मरन."

त्यांना राग आला नाही. त्यांनी खरंच दुसरी वाटी आणली, चुलीवरून उतरवून ठेवलेल्या पातेल्यातलं म्हशीचं दूध तिच्यात ओतलं आणि दुसरी मुंगी सोडली. तापवलेल्या दुधावर साय धरलेली होती. मुंगी त्या सायीवर चढली, थोडी थबकली, काठापर्यंत चालत गेली आणि वाटीवरून खाली उतरली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. सायीचं मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं ते पुढे कितीतरी दिवसांनी, भांडी घासताना, आणि तेव्हा ते कोणाला सांगून उपयोग नव्हता. त्या घडीला मला एवढंच दिसलं की माझ्या दुधात मुंगी मेली आणि म्हशीच्या दुधातून जिवंत निघाली.

आत्याबाई माझ्या शेजारी खाली बसल्या. "तुले वाटते मी तुह्या वाईटावर हाव. माह्ये दोन लेकरं अशीच गेली. पेता पेता रडत. माह्या सासूनं सांगतलं व्हतं, पाजू नको, तुह्या दुधात जहर हाय. मी आयकलं नाही. लपून पाजलं मी त्याईले." त्यांनी दोन्ही वाट्या उचलल्या. "तू आयक."

मी ऐकलं. जिने स्वतःची दोन मुलं मातीत दिली होती ती बाई हे सांगत होती, आणि माझ्या मांडीवर मूल घामेजलं होतं. कोणत्या पुस्तकात मला याहून मोठा पुरावा मिळणार होता?

दूध बंद करायचं म्हणजे बसवायचं. चैत्र लागला होता, परसात मोगरा फुलला होता. आत्याबाईंनी फुलं ओंजळीओंजळीने आणली, माझ्या छातीवर पसरली आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली. मोगऱ्याने दूध आटतं. त्या फुलांच्या वासात मी ताप भरून पडले होते, छाती दगडासारखी झाली होती, आणि पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला की ती पट्टी आपोआप ओली व्हायची. बाकी सगळ्यांना पटलं होतं, माझ्या अंगाला तेवढं पटलेलं नव्हतं. पुढे मला आणखी मुलं झाली, ती सगळी माझ्याच दुधावर वाढली, थोरली मुलगी तर चालून पळायला लागेपर्यंत प्यायली. पण पहिल्याचं दूध मी असं फुलांनी मारलं.

मुलाला बोंडल्याने शेळीचं दूध सुरू झालं. आणि खरं सांगते, तो सुधारला. अगदी डोळ्यांना दिसेल असा सुधारला. बोंडल्याच्या चोचीतून घशात धार पडायची, तो गिळायचा, थोडं कण्हायचा, पण पूर्वीसारखा पांढरा पडायचा नाही. आत्याबाईंच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं. त्या मला म्हणाल्या, "पाह्यलं?" त्यात टोमणा नव्हता, आनंदच होता. मीही मान डोलावली. माझ्या मुलाला मी बाधत होते हे मी तेव्हा पूर्णपणे मान्य केलं.

एक अडचण राहिली होती. मी जवळ गेले की तो मला वासावरून ओळखायचा. तोंड उघडून मान इकडेतिकडे फिरवायचा, मिळालं नाही की रडायचा, आणि रडला की पुन्हा तो घाम, तो पांढरा रंग. तेव्हा आत्याबाईंनी ठरवलं की मी त्याला घ्यायचं नाही. त्याच्या खोलीत जायचं नाही. तो झोपला की दारातून बघावं. ही शिक्षा नव्हती, त्याला रडू येऊ नये म्हणून होतं, आणि मला ते पटलं होतं. मी दारातून बघायचे. त्याचे पाय मला दिसायचे, तोंड आत्याबाईंच्या खांद्याआड.

वैशाखात त्याचा श्वास वाढला. पोट वरखाली उडायचं. पापण्या सुजल्या. आता त्याच्या पोटावर बिब्ब्याचे डाग द्यायचे असं घरात बोलणं चाललं होतं, तेवढ्यात हे खामगावहून आले. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना आईपुढे आवाज चढवताना ऐकलं. "डाग नाही देऊ देनार मी. गाडी जुंपा." मुलाला आत्याबाईंनीच घेतलं, मी गाडीत मागच्या बाजूला बसले.

खामगावच्या डॉक्टरांनी आधी छातीवर नळी लावली, मग बोटांनी ठोकून पाहिलं, मग पुन्हा नळी लावली. त्यांना सर्दीखोकल्याची लेकरं रोज बघायची सवय होती, इतका वेळ ते सहसा कोणाला देत नसत. "छाती नाही," ते म्हणाले, "हृदय आहे. याचं हृदय फार वाढलं आहे. का, ते मला कळत नाही. नागपूरला न्या." वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, मोठं काही असलं की नागपूर. जलंबला गाडी बदलायची. लढाईचे दिवस होते, डब्यात खाकी कपड्यांतली माणसं दाटीने बसलेली. त्यांतल्या एकाने उठून आत्याबाईंना जागा दिली आणि मुलाला वर्तमानपत्राने वारा घातला. मी शेवटपर्यंत दाराजवळ उभी राहिले. माझा वास त्याला येऊ नये एवढं लांब.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या छातीची तसबीर काढली. डॉक्टरांनी ती उजेडासमोर धरून ह्यांना दाखवली. एवढ्याशा छातीत हृदयच हृदय, बाकीच्या कशाला जागा नाही. मग त्याच्या हातापायांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, त्यांना तारा जोडल्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या रेघा कागदावर उतरवल्या. डॉक्टर चष्मा वर सारून तो कागद किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "हा कागद मला कोणी नुसता आणून दाखवला असता तर मी म्हटलं असतं, साठीच्या माणसाचा आहे. छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाचा."

"लेकराले कशी कय येईन?" आत्याबाईंनी विचारलं.

"तेच मला कळत नाही, आजी." त्यांनी कागद खाली ठेवला. "परदेशात अशी एक-दोन मुलं पाहिल्याचं मी वाचलं आहे. हृदयाला रक्त पुरवणारी नळी जन्मापासूनच चुकीच्या जागेहून निघालेली. पण तसंच आहे, हे मूल जिवंत असताना मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

ह्यांनी विचारलं, मग उपाय काय. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. हृदयाला सुरी लावणारा हात अजून जगात तयार झालेला नाही, असं म्हणाले. थेंबांचं औषध देऊ, प्राणवायू देऊ, रडू द्यायचं नाही, थोडं थोडं पाजायचं. आता म्हणे अशी नळी कापून काढून हव्या त्या जागी शिवतात, आणि मुलं शाळेत जातात. कोणी हे सांगायला लागलं की मला त्या मुलांचा आनंद होतो, आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून उठते.

मी खाटेपासून लांब, भिंतीशी उभी होते. मी विचारलं, "दुधाचं काय?"

"कोणतं देता?"

"शेळीचं."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी काय विचारलं ते त्यांना कळलं नव्हतं आणि दुसऱ्यांदा विचारायचं माझं धाडस झालं नाही. उत्तर मला हवं होतं आणि नकोही होतं. घामाने भिजलेलं ते मूल बघितलं की माझ्या मनात एकच यायचं, हे मी केलं का? पहिले दोन महिने मी त्याला जे पाजलं त्याने त्याचं हृदय असं सुजलं का? बाकी सगळं, नळी, कागद, साठीचा माणूस, मला त्या एका प्रश्नाभोवतीची गर्दी वाटत होती.

खाटेजवळ एकाच बाईला बसू देत. आत्याबाई बसल्या. मी व्हरांड्यात राहायचे, दुपटी धुवायचे, वाळवायचे, घड्या करून आत द्यायचे. तो गेला त्या दिवशी सकाळी मी नळावर होते. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात बोंडलं होतं, त्यात दूध तसंच होतं. मी आत गेले आणि त्याला घेतलं. आता तो मला शोधत नव्हता, त्यामुळे आता मला त्याला घेता येत होतं.

मी त्याला किती वेळ धरून बसले मला आठवत नाही. त्याच्या केसांना शेळीच्या दुधाचा वास येत होता.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. त्यांना काही विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं, हे दिसत होतं. शेवटी ते ह्यांना म्हणाले की परवानगी दिलीत तर छाती उघडून बघू. लहान काप घेऊ, शिवून देऊ. कळलं तर पुढे दुसऱ्या एखाद्या मुलाच्या वेळी उपयोग होईल.

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. आमच्यात लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि मातीत जसं आलं तसं अख्खं द्यायचं. "फाडू नको माह्या लेकराले." हे खाली बघत उभे होते.

मी म्हटलं, "त्यात दुधाचं कळंन काय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "दुधाचं म्हणजे?"

"तो माह्या दुधानं गेला का ते. कळंन काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं. "कळेल," ते म्हणाले.

मी मूल त्यांच्याकडे धरलं. ह्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आत्याबाई मध्ये पडतील, आणि त्या पडल्याच. त्यांनी मुलाला माझ्या हातातून घेतलं, त्याचं दुपटं नीट गुंडाळलं, आणि स्वतः डॉक्टरांच्या हातात दिलं. "पाहा," त्या म्हणाल्या, "मले बी पाह्यचं हाय."

आम्ही तिघं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. ह्यांनी कोठून तरी पाणी आणलं, आईला दिलं, मग मला दिलं. सगळ्यांसमोर मला त्यांनी हाताने काही दिलं, ते तेव्हाच. आत्याबाई काय विचार करत होत्या ते मला त्यांच्या तोंडावरून वाचता येत नव्हतं. आपलं खरं ठरावं असं त्यांना वाटत होतं का? मला वाटतं, त्यांना नुसतं कळायला हवं होतं. लपून पाजलेल्या त्या दोन लेकरांचं ओझं त्या माझ्या वयाच्या असल्यापासून वाहत आल्या होत्या.

डॉक्टर परत आले ते हात धुऊन, बाह्या खाली करत. आमच्या समोर ते खुर्चीवर बसले नाहीत, पायरीवरच बसले. "मी वाचलं होतं तेच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "आजी, तुमच्याकडे मोट आहे?"

"हाय."

"बैल मोट ओढतो, सगळ्या मळ्याला पाणी मिळतं. पण बैलालाही पाणी लागतंच ना?"

"लागनच."

"हृदय तसं आहे. सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी दोन बारीक नळ्या असतात. याची डावीकडची नळी नको त्या जागेहून निघाली होती. तिच्यात रक्त यायचं ते वापरलेलं, जोर नसलेलं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे तेवढ्यावर भागतं, मग जोर उतरतो आणि भागेनासं होतं. बैल मोट ओढत होता आणि त्याला पाणी नव्हतं."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तरी वढत व्हता?"

"शेवटपर्यंत."

"न मंग पेता पेताच काऊन रडे?"

"छातीवर ओढून पिणं म्हणजे एवढ्या लेकराला मेहनत आहे. आपल्याला भरली गोणी घेऊन चढण चढण्यासारखी. मेहनत झाली की हृदयाला जास्त रक्त लागायचं, ते मिळायचं नाही, आणि कळ यायची. तुम्ही बोंडल्याने पाजलंत तेव्हा त्याला बरं वाटलं असेल. त्यात ओढावं लागत नाही."

मी विचारलं, "म्हणजे दूध?"

"दुधाचा काही संबंध नाही, बाई. दूध चांगलं होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी माझं मूल कापायला दिलं होतं. ते ऐकलं की सुटल्यासारखं होईल असं मला वाटलं होतं, आणि झालंही तसं, घटकाभर. माझ्या अंगावरून काहीतरी उतरलं. मी मोठा श्वास घेतला.

आत्याबाई म्हणाल्या, "माह्ये दोन बी असेच पेता पेता रडत. त्याईले बी हेच व्हतं काय?"

"ते मला सांगता यायचं नाही, आजी. त्यांना कोणी तपासलं नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना अर्धंच उत्तर मिळालं होतं आणि तेवढ्यावर त्यांना उरलेलं आयुष्य काढायचं होतं. पुढे घरात कितीतरी बाळंतपणं झाली, गावातल्या बायका दुधाचं विचारायला त्यांच्याकडे येत राहिल्या. त्यांनी पुन्हा कधी कोणाच्या दुधात मुंगी टाकली नाही, आणि का टाकत नाहीत ते कोणाला सांगितलंही नाही.

पण तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यात डॉक्टरांचं बोंडल्याचं वाक्य फिरत होतं, आणि ते हळूहळू पुढे सरकत होतं. मला ते थांबवायचं होतं. थांबलं नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझंच दूध काढून बोंडल्याने पाजलं असतं तर?"

"चाललं असतं. शेळीच्या दुधापेक्षा चांगलंच."

"जगला असता?"

"नाही, बाई. तो कशानेच जगला नसता. तेवढं मनातून काढून टाका."

ते मी काढलं. माझा प्रश्न तो नव्हताच.

"मग मी त्याला जवळ घेतलं असतं तर चाललं असतं? हे इतके दिवस, शेवटपर्यंत?"

डॉक्टर उठता उठता थांबले. आम्ही घरी काय केलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मी असं का विचारते आहे ते त्यांना कळेना.

"हो," ते म्हणाले. "का नाही?"